अर्धा उतरवलेला फलक

सप्टेंबर लागला की आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं वॉटलचं झाड पिवळंधमक होतं. मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली या उपनगरातली मुलं सायकलच्या हेल्मेटवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या शेंड्यांसारख्या उभ्या बांधून शाळेत जातात, कारण याच दिवसांत मॅगपाय पक्ष्यांची पिल्लं घरट्यात असतात आणि ते पक्षी येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झेप घालतात. हवा अजून गार असते, पण उन्हाला हळूहळू धार येत असते. आणि टपालपेटीत पुढच्या वर्षीच्या क्रूझची गुळगुळीत पत्रकं येऊन पडतात. निळं पाणी, पांढरं जहाज, डोंगरमाथ्यावरचं दगडी गाव. मी ती न उघडताच पिवळ्या झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकते. निखिल, माझा नवरा, परवा म्हणाला की बघ तरी, या वेळी ग्रीसही आहे. मी नको म्हटलं. त्यानं कारण विचारलं नाही.

अंगाला मात्र सप्टेंबर अजून माझ्या गावचा, परांड्याचाच कळतो. गणपती उठलेले, नवरात्र यायचं आणि दोन्हींच्या मध्ये सहामाही परीक्षा. कडा उसवलेलं पुठ्ठ्याचं पॅड, त्याची गंजलेली क्लिप, पेन गळाल्यामुळे निळी झालेली बोटं. आणि एखादा धडा वाचायचा राहिलाय हे ऐन वेळी आठवणं. चाळिशी उलटली, दोन देशांत नोकऱ्या झाल्या, तरी या महिन्यात पहाटे जाग येते ती काहीतरी राहिलंय अशीच. पूर्वी उठून बसलं की माझं मलाच हसू यायचं. गेलं वर्षभर येत नाही, कारण आता खरंच राहिलेलं असतं.

दळवी सर आम्हाला इतिहास-भूगोल शिकवायचे. परांड्याला किल्ला आहे, त्यामुळे मध्ययुगाचा धडा सर वर्गात घेतच नसत. आम्हाला रांगेनं किल्ल्यात नेत. तोफेवर बसायला बंदी होती, तोफेला टेकायची मुभा होती. तापलेल्या लोखंडाला पाठ टेकवून आम्ही बहामनी राज्याची शकलं कशी झाली ते ऐकायचो. वर्षातून एकदा एस.टी.ची लाल गाडी ठरवून सहल निघायची. नळदुर्ग, पैठण, एकदा वेरूळ. कुठेही गेलं तरी सरांचा नियम एकच. आधी पुरातत्त्व खात्याचा निळा फलक वहीत उतरवून घ्यायचा, अक्षरन् अक्षर, मग आत पाऊल टाकायचं. वेरूळला आम्ही बेचाळीस जण एका फलकासमोर दाटीवाटीनं उभे होतो आणि प्रत्येकानं पुढच्याच्या पाठीवर वही टेकवली होती. माझ्या मागची मुलगी अनुस्वार फार जोरात द्यायची. ते माझ्या पाठीला टोचायचे. कोणी कुरकुर केली की सर म्हणायचे, पुन्हा इथं यायला मिळेलच असं नाही. ते आम्हाला तेव्हा दटावणं वाटलं होतं. त्या बेचाळिसातले बहुतेक जण खरोखरच पुन्हा वेरूळला गेले नाहीत.

माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती. बारावीचा निकाल लागल्यावर सर गिरणीवर आले ते ज्वारीचा डबा घेऊन. वडिलांनी त्यांचा डबा आधी घ्यायला हात पुढे केला, तर सरांनी तो मागे ओढला आणि रांगेत उभे राहिले. सगळी गिऱ्हाइकं गेली, पट्टा थांबला, तेव्हा कुठे त्यांनी माझ्या इंजिनिअरिंगचा विषय काढला. काय बोलणं झालं ते मला आजही पूर्ण माहीत नाही. वडील घरी आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर पीठ होतं आणि ते आईला म्हणाले, हिची ट्रंक काढ माळ्यावरून. आमच्या घराण्यात त्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.

अशा माणसाचे आभार कसे मानायचे? फोनवर मानून मानून शब्द बुळबुळीत झाले होते. दळवीकाकू गेल्यानंतर सर एकटेच राहत होते. ज्या इटलीचा नकाशा ते दर जूनमध्ये फळ्यावर हातानं काढायचे, तो देश त्यांनी पाहिला नव्हता. सोलापूर, पुणे आणि एकदा हैदराबाद, एवढीच त्यांची पृथ्वी. म्हणून गेल्या वर्षी आम्ही भूमध्य समुद्रातली क्रूझ ठरवली तेव्हा मी चौथं तिकीट सरांचं काढलं. ते मुंबईहून एकटे रोमला आले. पांढरा शर्ट, करडी पँट, खांद्याला शबनम. शबनममध्ये दोनशे पानी वही. वहीला खाकी कव्हर, कव्हरवर लेबल, लेबलवर नाव आणि विषयाच्या जागी ‘इटली’. माझी तेरा वर्षांची लेक रेवा ते लेबल बघून हसली. मलाही हसू आलं, पण तेव्हाचं हसू स्वच्छ होतं. सर पहिल्याच दिवसापासून निखिलला जावईबापू म्हणू लागले. निखिल पुण्याचा, त्याला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. तो लाजला आणि त्याला ते आवडलंही.

जहाज सिसिलीच्या ट्रापानी बंदराला लागलं ती सकाळ मी रंगांसकट सांगू शकते. मेलबर्नला आम्ही वसंत सोडून आलो होतो आणि इथे उन्हाळा सरत होता. वाळलेली बडीशेप माणसाच्या उंचीची होऊन रस्त्याकडेला उभी होती. बसची काच उघडली की तिचा वास आत यायचा. जेवणानंतर ताटलीत ठेवतात तिचाच, पण ओसाड माळावरचा. आमच्या बसमध्ये चाळीसेक माणसं होती, बरीचशी ऑस्ट्रेलियातलीच, निवृत्त झालेली, मोठ्या टोप्या घातलेली. सकाळी सेजेस्ताचे प्राचीन अवशेष, दुपारी एरिचे नावाचं डोंगरावरचं मध्ययुगीन गाव, पाचच्या आत जहाजावर परत. वाटाड्या बाईंच्या हातात लाल रंगाची गोल पाटी होती. ती वर गेली की चालायचं, खाली आली की थांबायचं.

सेजेस्ताचं मंदिर एकटंच उभं आहे. वळण घेतलं आणि ते समोर आलं, मधाच्या रंगाचं, छत्तीस खांबांचं, वर नुसतं आकाश. बसमधले सगळे त्या बाजूच्या काचांकडे सरकले. उतरल्यावर सगळे चढ चढून मंदिराकडे गेले आणि सर पायथ्याच्या फलकापाशी थांबले. त्यांनी चष्मा बदलला, वही उघडली, तारीख घातली, समास आखला. हो, समास. शबनममधून सहा इंची पट्टी काढून.

निखिल म्हणाला, “वैशाली, सर आता अहवाल लिहायला लावणार सगळ्यांना.” तो मायेनं म्हणाला होता. मी हसले आणि परत जाऊन सरांना सांगितलं की सर, मी फोटो काढते फलकाचा, निवांत वाचता येईल. सर लिहिता लिहिता म्हणाले, तू काढ की, मी लिहितो. मग एकदम थांबून माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

“अगं, छत पडलेलं नाही. घातलंच नव्हतं कधी. बांधकाम अर्धवट राहिलं. आणि मी एकतीस वर्षं पोरांना भूकंपात पडलं म्हणून सांगितलं. पुस्तकात नुसतं चित्र होतं, खाली काही लिहिलेलं नव्हतं, मग मी माझ्या मनानंच पाडलं ते.”

स्वतःची चूक सापडल्यावर एवढा खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. परांड्याला गेल्यावर शाळेत आठवीच्या मुलांपुढे हे सगळं वाचून दाखवायचं त्यांनी मुख्याध्यापिकांना कबूल केलं होतं. म्हणून वही पूर्ण व्हायला हवी होती. चुकलेलं दुरुस्त करून सांगायचं होतं त्यांना, ज्यांना चुकीचं सांगितलं त्यांच्या नातवंडांना का होईना.

मला हे सगळं समजत होतं. तरीही माझी नजर चढावर होती. तिथे चाळीस माणसं लाल पाटीभोवती गोळा झाली होती आणि त्यातली काही वळून आमच्याकडे बघत होती. मेलबर्नच्या ऑफिसात मीटिंगला मी पाच मिनिटं आधी पोचते. आमच्यामुळे कोणाला थांबायला लागू नये, कोणी ‘यांचं नेहमीचंच’ म्हणू नये, यासाठी मी सोळा वर्षं पाठीचा कणा ताठ ठेवलाय. आता तो ताठपणा सरांवर रागासारखा उलटत होता.

वाटाड्या बाई खाली आल्या. हसतच विचारलं, हे तुमचे वडील का?

मी म्हटलं, छे, नाही. गावाकडचे एक ओळखीचे आहेत, सोबत आलेत.

शब्द एवढेच होते. पण ते म्हणताना मी डोळे किंचित वर फिरवले आणि खांदे उडवले. काय करणार, आलेत खरे, अशा अर्थानं. बाईही समजल्यासारखं हसल्या. सर चार पावलांवर होते, पाठमोरे. त्यांचं पेन थांबलं. ते पान उलटण्यासाठी थांबलं की कशासाठी, ते मला दिसलं नाही. मी बघितलं नाही.

तेवढ्यात बसमधल्या एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत उतारावरून सरांपाशी आल्या. त्यांनी सरांना विचारलं, शिक्षक का तुम्ही? सर त्यांच्या सावकाश, प्रत्येक शब्द पुसून ठेवल्यासारख्या इंग्रजीत म्हणाले की होतो, आता निवृत्त आहे. बाई म्हणाल्या, मीही, मेलबर्नजवळ बॅलराटला. मग त्या म्हणाल्या, मी वाचते, तुम्ही लिहा, लवकर होईल. आणि फलकासमोर उभ्या राहून त्यांनी एकेक वाक्य मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. सर लिहीत गेले. मी थोड्या अंतरावर फोनमध्ये काहीतरी बघत असल्यासारखी उभी राहिले. फोनमध्ये काही नव्हतं. ज्यांनी जन्मभर आम्हाला शुद्धलेखन घातलं, त्यांना शुद्धलेखन घालायला बॅलराटची अनोळखी बाई पुढे आली होती.

एरिचेला पोचेपर्यंत ढग खाली उतरले होते. ते गाव इतकं उंचावर आहे की ढगाला तिथे धुकं म्हणतात. गुळगुळीत झालेल्या दगडांच्या गल्ल्या, बंद दारं, कुठूनतरी भाजलेल्या बदामाचा वास, आणि वाकडी वळणं घेत टोकाला गेलं की कड्यावर उभा किल्ला. सरांनी भिंतीला हात लावला आणि म्हणाले, परांड्याचा चिरा मोठा आहे. हे त्यांनी अभिमानानं नाही, नोंद केल्यासारखं म्हटलं. किल्ल्याच्या दाराशी फलक होता. प्राचीन देवीचं मंदिर होतं त्याच जागी हा किल्ला उभा राहिला, असं काहीतरी त्याच्या सुरुवातीला होतं. सरांनी वही उघडली. धुक्यानं कागद ओलसर होत होता आणि शाई फुटत होती. ते फुंकर घालून लिहीत होते. अर्धा फलक झाला असेल, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी लाल पाटी वर गेली.

मी फोन काढला. फलकासमोर धरला. पडद्यावर फलक दिसला नाही, माझाच चेहरा दिसला, कारण थोड्या वेळापूर्वी मी रेवाबरोबर सेल्फी काढली होती. कॅमेरा उलटवायला एक क्षण लागला असता. तोही मी दिला नाही. फोन खाली घेतला आणि म्हटलं, “सर, चला. काढला मी फोटो. नंतर देते.”

सरांनी अर्ध्या वाक्यावर पेन थांबवलं. टोपण लावलं. उरलेलं अर्धं पान कोरं ठेवून पुढच्या पानावर खूण केली आणि माझ्यामागून चालू लागले. बसपाशी गेलो तर पाच-सहा माणसं यायचीच होती. बदामाची मिठाई घ्यायला थांबली होती. आम्ही बसून आणखी दहा मिनिटं वाट बघितली.

संध्याकाळी जहाजाच्या कठड्याशी रेवानं मला विचारलं, “मम्मा, व्हाय डिड यू से दॅट? ही इज युवर टीचर.” ती सेजेस्ताला माझ्या शेजारीच होती हे मी विसरले होते. मी म्हटलं, तुला नाही कळायचं. तिनं खांदे उडवले. ते अगदी माझ्यासारखे उडाले.

लाजेबद्दल मी या वर्षात पुष्कळ विचार केला. लहानपणी आम्हाला लाज वाटायची ती गोष्टींची होती. ठिगळाची, इंग्रजीची, वडिलांच्या अंगाला येणाऱ्या पिठाच्या वासाची. शिक्षणानं ती जाईल असं वाटलं होतं, आणि गेलीही. मी परांड्याची आहे, गिरणीवाल्याची मुलगी आहे, हे मी ऑफिसात उजळ माथ्यानं सांगते. ते सांगणं सोपं आहे, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत माझी किंमत त्यानं वाढते. ज्या दिवशी माझ्या गावानं माझ्या शेजारी उभं राहून समास आखला आणि चाळीस माणसांची पाच मिनिटं घेतली, त्या दिवशी सर माझ्यासाठी ‘ओळखीचे एक’ झाले. म्हणजे मी जे मिरवत होते ते काय होतं?

डिसेंबरात मुख्याध्यापिकांनी एक व्हिडिओ पाठवला. मी तो ऑफिसच्या जेवणघरात कानात इअरफोन घालून बघितला. सतरंजीवर मुलं, समोर खुर्चीवर सर. छताची चूक त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच कबूल केली आणि मुलं खिदळली. पुढे एरिचे आलं. सरांनी अर्ध्या वाक्यापर्यंत वाचलं, वही मुलांकडे फिरवून कोरी जागा दाखवली आणि सांगितलं की इथून पुढचं वैशालीकडे आहे, ती पाठवेल, आल्यावर मी पुन्हा येऊन वाचून दाखवीन. दोन वेण्यांची एक मुलगी उठून उभी राहिली आणि विचारलं, त्या तुमच्या कोण, सर? सर बोलू लागले. माझं नाव, वडिलांचं नाव, गिरणी कुठे होती, मी कितव्या बाकावर बसायचे, दहावीला भूगोलात किती पडले, आता कोणत्या शहरात कसलं काम करते. एवढं सगळं. मी व्हिडिओ तिथेच थांबवला. डबा तसाच फ्रिजमध्ये परत ठेवला.

सर दर पंधरा दिवसांनी रविवारी फोन करतात. इथे दुपार असते, तिकडे सकाळ. फोटोबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी थाप मारून मोकळी झाले असते. गेल्या रविवारी त्यांनी सहज सांगितलं की शाळेत सहामाही सुरू झाली, आणि मला आतून ढकलल्यासारखं झालं.

“सर, एरिचेच्या फलकाचा फोटो मी काढलाच नव्हता.”

ते हसले. “माहीत आहे की. तुझा फोन फोटो काढताना टक् करतो. दिवसभर करत होता. तेव्हा नाही केलं.”

“मग जागा कशाला सोडलीत? मुलांना का सांगितलंत मी पाठवणार म्हणून?”

“तू सांगशील म्हणून. कोणाचा गृहपाठ राहिला तर मी वर्गात कधी विचारलाय का? ते पोरगं आपणहून येईपर्यंत थांबायचं असतं.”

इथे मी थांबायला हवं होतं. पण एक गोष्ट इतक्या सहज माफ झाल्यावर मला धीर आला. मला वाटलं, ज्यांनी टक् न झाल्याचं ऐकलं त्यांनी ते वाक्यही ऐकलंच असणार, आणि तेही असंच हसून सोडलं असणार. म्हणून मी तेही सांगितलं. वाटाड्या बाईंनी काय विचारलं, मी काय म्हटलं, खांदे कसे उडवले, सगळं. सांगताना मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

पलीकडे कुठेतरी टेम्पो मागे घेत असल्याचा आवाज येत होता.

“हे मात्र मला माहीत नव्हतं,” सर म्हणाले.

मग थोड्या वेळानं ते म्हणाले की नळाला पाणी आलंय, ठेवतो. आवाज नेहमीसारखाच होता. फोन ठेवल्यावर मला कळलं मी काय केलं ते. वर्षभर त्यांच्याकडे तो दिवस होता, अर्धं पान वगळता अख्खा. मी माझं ओझं उतरवायला गेले आणि उरलेला दिवसही त्यांच्याकडून काढून घेतला.

आज मधला रविवार, फोन नसलेला. सकाळी इंटरनेटवर शोधून त्या फलकाचा कोणीतरी काढलेला फोटो मिळवला. रेवा म्हणाली, “जस्ट फॉरवर्ड इट, मम्मा.” मी तिला समोर बसवलं आणि सांगितलं, तू वाच, मी लिहिते. ती इंग्रजी वाक्य वाचायची, मी ते कागदावर उतरवायचे, खाली मराठीत अर्थ. समास आखला. पूर्ण व्हायला अकरा मिनिटं लागली. बाहेर मॅगपाय ओरडत होते आणि रेवानं मधेच विचारलं की या किल्ल्याखाली खरंच देवीचं देऊळ आहे का. मी म्हटलं, फलक तसं म्हणतो.

पुढचा रविवार सरांच्या फोनचा आहे. तो येईल की नाही ते मला माहीत नाही. हे मी टपालानं पाठवतेय, आणि पत्राला पोचायला त्याहून जास्त दिवस लागतील. मजकूर लिहून झाला, पाकिटावर परांड्याचा पत्ता घातला, आणि शेवटी सहीपाशी येऊन हात थांबला. शाळेत असताना पत्राखाली ‘आपली विद्यार्थिनी’ लिहायला सरांनीच शिकवलं होतं. तेव्हा तो नुसता रिवाज होता, मार्कांसाठी लिहायचा. या वेळी ते मागणं होतं. मी ते लिहिलं, आणि खाली नाव घातलं. खोडायचं असेल तर पेन आता त्यांच्याकडे आहे.